क्रमांक तोच, भाग मात्र वेगळा

कुकरची रिंग आणायला गेलो की दुकानदार विचारतो, ‘‘कोणत्या कंपनीचा? किती लिटरचा?’’ तेवढ्या उत्तरावर तो रिंग काढून देतो आणि आपण निर्धास्त घरी येतो. एका नावाने मिळणारी वस्तू सगळीकडे सारखीच असणार, हा आपला विश्वास असतो. मोटारीत तर असे हजारो भाग असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो. म्हणूनच कारखान्यांत एक नियम पाळतात : भागात महत्त्वाचा बदल केला, तर त्याचा क्रमांकही बदलायचा. हा नियम मोडला की काय होते, ते अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या प्रकरणात दिसले.

कोबाल्टसारख्या छोट्या गाड्यांत किल्ली फिरवायचा स्विच फार सैल होता. किल्लीला जड जुडगा असला किंवा चालकाचा गुडघा लागला, तरी धावत्या गाडीत किल्ली मागे फिरे. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडत नसे. २००६ साली एका इंजिनिअरने स्विचमधली स्प्रिंग अधिक घट्ट करण्याच्या बदलाला मंजुरी दिली. क्रमांक मात्र जुनाच राहिला.

मला सर्वांत अस्वस्थ करते ते हेच. बदल चांगला होता, पण तो नोंदला गेला नाही. नव्या गाड्यांत दोष दिसेना आणि जुन्या गाड्यांतच का दिसतो, याचे उत्तर कंपनीतल्या तपासनिसांना वर्षानुवर्षे सापडेना; कारण कागदावर दोन्ही स्विच एकच होते. अखेर २०१३ मध्ये एका मृत तरुणीच्या आईवडिलांच्या खटल्यात, बाहेरच्या तज्ज्ञाने दोन स्विच शेजारी ठेवून उघडले, तेव्हा फरक उजेडात आला.

२०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांत नंतरच्या, मुळात निर्दोष गाड्याही होत्या. दुरुस्तीच्या वेळी त्यांत जुना स्विच बसला असेल, तर तो क्रमांकावरून ओळखायचा कसा? कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंची जबाबदारी मान्य केली. २०१५ मध्ये सरकारशी तडजोड करताना कंपनीला ९० कोटी डॉलर भरावे लागले.

क्रमांक बदलायचा म्हणजे काम वाढते. नकाशा, पुरवठादार, गोदाम, सर्व्हिस सेंटर, सगळीकडे कळवायचे आणि सह्या घ्यायच्या. ही कटकट वाटते. पण चूक शोधण्याची वाट तिच्यातूनच जाते.

आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. ही तरतूद चांगलीच आहे. पण कोणत्या गाडीत कोणता भाग आहे हे कारखान्यालाच ठाऊक नसेल, तर परत बोलावणार कोणाला? चूक माणसाकडून होणारच. ती सुधारताना मागचा माग पुसून टाकला, तर सुधारणाही जीव वाचवू शकत नाही.