गावच्या दप्तरी नसलेली नावे

कोकणात व देशावर कित्येक गावी चावडीत, देवळाच्या ओवरीत अथवा शाळेच्या भिंतीत बसविलेली एक लहानशी दगडी पाटी वाचकांच्या पाहण्यात आली असेल. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास अमुक इसम गेले व पैकी अमुक इसमांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरील मजकूर. नाव बहुधा एकाचेही नसते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकट्या गावचे त्या युद्धात ४६ जवान पडले. असे आकडे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यांतील चार नावे सांगा म्हटले, तर गावकरी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. ‘या जमिनीस तीन धारक आहेत’ असे लिहून, नावे न देता, एखाद्याने फेरफार मंजुरीस ठेवला असता, तर सर्कलसाहेबांनी ते कागद तोंडावर फेकले असते. बांधालगतच्या दोन गुंठ्यांसाठी आपण नाव, बापाचे नाव, आडनाव, हिस्सा, सारे तपासून घेतो. मग ज्यांनी प्राण दिले त्यांचा हिशेब मात्र नुसत्या बेरजेवर कसा मिटला?

ज्या एका तरुणाचे नाव टिकले, त्याचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या एका बळकट ठाण्यावर हल्ला चढविला. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि घाडग्यांच्या हाताखालील तुकडीतील प्रत्येक शिपाई मेला वा जखमी झाला. बरोबर येण्यास कोणी उरले नाही हे ठाऊक असूनही ते एकटे पुढे धावले. बॉम्ब टाकून त्यांनी तोफ व ती चालविणारा यांचा निकाल लावला, आणखी एकास गोळीने टिपले आणि काडतुसे बदलण्यास अवधी नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस तिच्या दस्त्याने लोळविले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून ते त्याच ठाण्यात पडले. वयाचे तेविसावे वर्ष चालू होते. आषाढातले ते दिवस. माणगावच्या खाचरांत तेव्हा भाताच्या लावणीची घाई असणार. पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो त्यांच्या तरुण पत्नीच्या हाती देण्यात आला.

त्यांची समाधी कोठेही नाही. इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर, देहाचा ठावठिकाणा न लागलेल्या चार हजारांहून अधिक मृतांत त्यांचे नाव आहे. माणगावी तहसील कचेरीपुढे पुतळा आहे. आणि इटलीतील मोंतोने गावच्या लोकांनी २०२३ साली त्यांच्या नावाने छायायंत्राच्या रूपात एक स्मारक उभारले. परक्या मुलखातील लहानशा गावाने एवढे करावे, हे खरोखर वाखाणण्यासारखे आहे.

परंतु त्याच दिवशी, त्याच तुकडीत, घाडग्यांच्या आधी काही क्षण जे पडले, त्यांचे काय? तेही कोणत्यातरी वाडीचेच होते. पदक एकासच मिळते, हा लष्करी नियम झाला. गावाने आपल्या पोराची आठवण ठेवण्यास पदकाची अट घालावी, हे आम्हांस मुळीच पटत नाही.

हीच पलटण पहिल्या महायुद्धात ‘११० वी’ म्हणून ओळखली जाई व मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सापडली होती. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले आणि अन्नावाचून खंगलेले शिपाई कैदेत गेले. पुष्कळसे परत आले नाहीत. त्या मोहिमेतील मृतांसाठी बसरा येथे जे मोठे स्मारक झाले, त्यावर हिंदी अंमलदारांची नावे कोरली, पण हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी दिली. स्मारके राखणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने अशी विषम वागणूक झाल्याचे २०२१ साली कबूल केले व क्षमा मागितली. परक्यांस एका शतकानंतर का होईना, हे खटकले. आपल्या चावडीतील पाटी आपल्याला अजून खटकत नाही.

कोणी म्हणेल, सरकारी दप्तरात नावे असतीलच. अनुभवाने सांगतो, बहुधा नसतात. शिपाई अठरा-वीस वर्षांचा. खाते बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे. तो मेला तरी खातेदार कायम, म्हणून वारसाचा फेरफार होण्याचे कारणच नाही. त्यातून कोकणात पुष्कळ घरे खोतांची कुळे. त्यांस स्वतःचे खाते कोठले? खोती १९४९ च्या कायद्याने गेली, तोवर दोन्ही महायुद्धे होऊन गेली होती. कोतवाल बुकात शिवेच्या आत झालेले मृत्यू चढत. टायबरकाठचा मृत्यू तेथे कोण चढविणार? मूल नसेल तर वंशावळीतही ‘निर्वंश’ एवढा एकच शब्द. म्हणजे जो जितका तरुण मेला, तितका तो कागदावरून निखळून गेला.

हे इंग्रजांच्या चाकरीत मेले, त्यांचे स्मरण कशास, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. तो अगदीच पोकळ नाही. लढाई कोणाची आणि मरण कोणाचे, हा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता. तथापि ज्या घरांनी त्या मनिऑर्डरींवर सारा भरला, बैल घेतले, सावकाराचे कागद सोडविले, त्या घरांनी तरी हा आक्षेप तोंडी घेऊ नये. शिवाय नाव लिहून ठेवणे म्हणजे त्या राज्याची तरफदारी करणे नव्हे.

काम अवघड नाही. युद्धसमाधी आयोगाची यादी आज कोणासही घरबसल्या पाहता येते. तीत पुष्कळ हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव व जिल्हा दिलेला आहे. मात्र इंग्रजी लिपीत गावांची व आडनावांची अशी मोडतोड झालेली आहे की, कुलाबा, रत्नागिरी ही जिल्ह्यांची नावे ओळखू येतात, वाडीचे नाव येत नाही. ते गावच्या जुन्या माणसालाच ओळखता येईल, आणि असे जाणते दरसाल कमी होत आहेत. पेटीत पडलेली पेन्शनची चोपडी, पदक, पलटणीचे पत्र यांवरून पडताळा घ्यावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारावे. यादीत सर्व वाड्या याव्यात. केवळ वरच्या आळीची यादी करून थांबू नये. महारांची १११ वी पलटण १९१७ साली उभी राहिली व १९२१ साली मोडली, त्यामुळे तिच्या शिपायांची आठवण ठेवणारी पलटणही मागे उरली नाही.

येत्या ग्रामसभेपुढे हा विषय ठेवावा. नाव, बापाचे नाव, वाडी, पलटण, मृत्यूचे ठिकाण व साल, एवढे रकाने पुरेत. ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात यादी जशीच्या तशी चढवावी, म्हणजे दगड फुटला तरी नोंद राहील. दगड जुन्या पाटीच्या शेजारीच बसवावा, जुनी काढू नये. अक्षरे रंगाने न लिहिता खोल कोरून घ्यावीत. आमच्याकडच्या पावसात रंग चार वर्षेही टिकत नाही.