पावसाची वही कोणाच्या घरात?



गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात माझी बरीच थट्टा झाली. "मावशीने म्हणे आता सर्व्हर भाड्याने घेतलाय!" एक भाचेसून म्हणाली, "अहो, सगळं फुकट मिळतं की हल्ली. या वयात हे उपद्व्याप कशाला?" पंगतीत बसून वाद घालणं बरं दिसत नाही, म्हणून तेव्हा जिलबी खाऊन गप्प बसले. पण ४० वर्षं मुलांना शिस्त लावलेली बाई किती दिवस गप्प बसणार? तर उत्तर आज इथे देते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. १९८४ साली आमच्या शाळेला एक पर्जन्यमापक मिळाला. भूगोल माझ्याकडे, म्हणून तोही माझ्याकडे आला. रोज सकाळी साडेआठला दोन मुलं जायची, नळीतलं पाणी मोजायची आणि वहीत मिलीमीटर लिहायची. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो. निवृत्त झाले तेव्हा मुलांची साखळी तुटली, मग मी परसात स्वतःचा मापक बसवला. आज माझ्याकडे त्या वह्यांची चळत आहे.

पुढे भाच्याने हौसेने एक इलेक्ट्रॉनिक यंत्र आणून दिलं. त्यात हेलकावणारी छोटी वाटी असते. ०.२ मिलीमीटर पाऊस पडला की ती एकदा कलंडते, आणि प्रत्येक कलंडणं मोजलं जातं. विहिरीतही पाण्याची पातळी मोजणारा एक डोळा सोडला. मिनिटामिनिटाची नोंद एका फुकट सेवेकडे जाऊ लागली आणि फोनवर सुंदर आलेख दिसू लागले. मी खूश! तीन पावसाळे असे गेले. मग एका जाहिरातवजा मेलमध्ये तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ आली, की यापुढे फुकट खात्यांची फक्त शेवटच्या ३० दिवसांची नोंद ठेवली जाईल. ती ओळ मी वाचली तेव्हा मुदत संपून गेली होती. तीन पावसाळे पुसले गेले होते. भांडायलाही कोणी नव्हतं, कारण ज्याला पैसे दिले नाहीत त्याला जाब कुठल्या तोंडाने विचारायचा?

तुम्ही म्हणाल, गेलं तर गेलं, पाऊस का परत पडणार नाही? मंडळी, आमचा गाव जांभ्या दगडावर वसलाय. पाणी भराभर मुरतं आणि तितक्याच भराभर निघूनही जातं. जुलैत धो धो, आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट. ग्रामसभेत दरवर्षी एकजण ठणकावून सांगतो की पाऊस कमी झाला म्हणून विहीर आटली. मी वही उघडून दाखवलं की त्या वर्षी पाऊस कमी नव्हता, तो लवकर थांबला होता. सभा पहिल्यांदाच शांत झाली. पण पुढचा प्रश्न आला, "बाई, पाऊस थांबल्यावर किती दिवसांत पाणी उतरतं?" त्याचं उत्तर त्या तीन पावसाळ्यांच्या नोंदीत होतं. नवी विहीर कुठे खणायची याचा निर्णय त्यावर होणार होता. मी सभेत उभी राहून म्हणाले, "नोंद होती, आता नाही." मास्तरणीला याहून मोठी लाज नाही.

एकाच गावातल्या मोजमापाने काय होतं, असंही एका भाच्याने विचारलं. २६ जुलै २००५ आठवतो? त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. दोन्ही ठिकाणी मोजणारे होते म्हणून आपल्याला हे कळलं. आणि कुलाब्याचंच आणखी एक सांगते. तिथल्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्याकडून मोठं चुंबकीय वादळ आलं, ते त्या वहीत उतरलं. २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, शास्त्रज्ञांनी तीच वही उघडून ते वादळ किती मोठं होतं ते काढलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवलं गेलं, पण नोंदीची साखळी तुटू दिली नाही. लिहिणाऱ्या कारकुनाला १४४ वर्षांनंतरचा वाचक दिसत होता का? नव्हता. "जुनं कोण बघतं" म्हणून महिनाभराने त्याने पानं फाडली मात्र नाहीत!

आता तुमचे आक्षेप एकेक घेते.

पहिला, पैसे दिले की सुरक्षित. तसंही नाही हो. जुलै २०२३ मध्ये इन्फ्लक्सडेटा या कंपनीने बेल्जियम आणि सिडनी इथली आपली केंद्रं बंद केली. आधी मेल पाठवले होते असं कंपनीचं म्हणणं, आणि आम्हाला पत्ताच नव्हता असं अनेक ग्राहकांचं. नोंदी मात्र पुसल्या गेल्या. गंमत म्हणजे त्याच कंपनीचा इन्फ्लक्सडीबी हा डेटाबेस मुक्त स्रोत आहे. ज्यांनी तो स्वतःच्या सर्व्हरवर बसवला होता, त्यांची एक ओळही त्या दिवशी हलली नाही.

दुसरा, एवढं सगळं साठवायला जागा लागते. गणित करू या. दर मिनिटाला एक, म्हणजे दिवसाला १४४० नोंदी, वर्षाला ५ लाख २५ हजार ६००. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि विहीर अशा चार गोष्टी धरल्या तर २१ लाख. एका नोंदीला वेळेचे ८ आणि आकड्याचे ८ असे १६ बाइट धरले तरी वर्षाचे सुमारे ३४ मेगाबाइट. लग्नातले दहाबारा फोटो झाले की हो एवढे! १०० वर्षांचे साडेतीन गिगाबाइटही होत नाहीत. शिवाय हे टाइम-सिरीज डेटाबेस नोंदी दाबून ठेवतात. हजेरीपटात आपण "वरीलप्रमाणे"च्या खुणा करायचो ना, तसंच. वेळ दर मिनिटाने सारखीच पुढे सरकते, म्हणून फक्त फरकातला फरक लिहायचा. फेसबुकच्या लोकांनी २०१५ साली दाखवलं की या युक्तीने त्यांच्या १६ बाइटचे सरासरी १.३७ होतात. तेव्हा "जागा नाही म्हणून ३० दिवस" हे कारण मला सांगू नका.

तिसरा, व्हीपीएस तरी कुठे तुझा, तोही भाड्याचाच. बरोबर. व्हीपीएस म्हणजे मोठ्या संगणकातली भाड्याची खोली. पण तिचं कुलूप माझं, आणि सामान माझ्या ट्रंकेत. मालक नको वाटला तर दुपारभरात बिऱ्हाड हलवता येतं. महिन्याला चारपाचशे रुपये जातात. तेवढे आपण सगळे न बघितलेल्या वाहिन्यांवर घालवतो.

चौथा आक्षेप खरा आहे, की हे सोपं नाही. नाहीच. खोली घेतल्या दिवसापासून अनोळखी लोक दार ठोठावतात. म्हणून पासवर्डऐवजी किल्ली वापरायची. बरेच डेटाबेस मुळात पासवर्ड न मागता बोलतात, म्हणून त्यांनी फक्त घरातल्या घरात, १२७.०.०.१ वरच ऐकायचं. डॉकरमधून चालवलं तर तो यूएफडब्ल्यूच्या भिंतीला वळसा घालून दार उघडून ठेवतो, हे आम्हाला उशिरा कळलं. वेळ आत यूटीसीने साठते, त्यामुळे दिवसाची बेरीज आपोआप पहाटे साडेपाचला तुटते. माझा साडेआठ म्हणजे तिकडचे बरोब्बर ३, ते सांगावं लागतं.

आणि माझी स्वतःची फजिती लपवत नाही. पहिल्या वर्षी मोठ्या तोऱ्यात सगळं बसवलं आणि ऑगस्टमध्ये बघते तर जूनचा पाऊस गायब! जुन्या नोंदी किती दिवस ठेवायच्या हे न सांगितल्यामुळे डेटाबेस एकच महिना ठेवत होता. प्रोमीथियस तर न सांगितल्यास १५ दिवसच ठेवतो. हे डेटाबेस मुळात सर्व्हरची तब्येत बघायला जन्मले, त्यांना कालचा ताप पुरतो. हे सगळं माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं. मुलांना "प्रश्न नीट वाचा" म्हणून जन्मभर ओरडलेली मी! आता तिथे १०० वर्षं लिहिलंय.

तेव्हा स्वतःचा सर्व्हर म्हणजे जादू आहे असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की चूक झाली तर ती माझी असावी, म्हणजे मला ती दुरुस्त करता येते. दुसऱ्याच्या मेलमधली तिसऱ्या परिच्छेदातली ओळ मला दुरुस्त करता येत नाही.

पाचवा आक्षेप कोणी तोंडावर बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात होता. तू गेल्यावर काय? माझ्या कार्डावरून पैसे जायचे थांबले की ती खोलीही रिकामी करतील. याचा विचार मी केला आहे. दर रविवारी सगळ्या नोंदी साध्या सीएसव्हीत उतरून घरच्या संगणकावर येतात, एक प्रत भाच्याकडे जाते, एक शाळेत. किल्ली कुठे आहे ते मृत्युपत्राच्या फायलीत लिहून ठेवलंय. आणि सकाळी साडेआठला वहीत आकडा अजून हाताने लिहिते. जूनचा तो गेलेला पाऊस दिवसाच्या हिशेबाने तरी वाचला, तो वहीमुळेच.

पण फायलीत लिहून साखळी टिकत नाही, माणूस लागतो. थट्टा करणाऱ्या मंडळींनो, तुमच्यापैकी कोणी घेणार आहे का हे? नातीने परवा फोनवर विचारलं, "आजी, टर्मिनल उघडायचं कसं?" तिला सांगितलंय, मे महिन्यात ये, आधी नळीतलं पाणी डोळ्यासमोर धरून मोजायला शिक, टर्मिनल मग.

चु.भू.दे.घे.