आधी नोंदवही सुधारा, मग माणूस

‘सुधारणा’ या शब्दाची मला धास्ती वाटते. माझ्या कैकाडी समाजाला तारेच्या कुंपणात कोंडलं गेलं, ते याच शब्दाच्या आडून.

१८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर भारतात आला आणि १९११च्या कायद्यानं मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा अशा कितीतरी जाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. ती सरकारनं एकट्यानं चालवली नाही. काही काळ तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. इतर प्रांतांत मुक्तिफौजेनं अशाच वसाहती चालवल्या. सोलापुरात शाळा होती, गिरणीत काम होतं. सोबत हजेरी होती आणि बाहेर पडायला पास लागायचा. म्हणजे गुन्हे रोखणाऱ्या आणि ‘गुन्हेगारांना’ माणसात आणणाऱ्या सामाजिक संस्था ही काही आजची कल्पना नाही. आमच्या आजी-आजोबांनी ती भोगली आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी आम्ही ‘विमुक्त’ झालो. पण १९५९मध्ये मुंबई राज्यानं आणि १९६१मध्ये आजच्या कर्नाटकानं सराईत गुन्हेगारांचे कायदे केले. कायद्याच्या मजकुरातून जात गेली, ठाण्यातल्या नजरेतून गेली नाही. चोरी कुठेही होवो, पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर येते.

पीएचडीच्या कामासाठी मी सध्या बंगळुरूत जयनगरला राहते. १९४८ साली पायाभरणी झालेली, झाडीतली, नीट आखलेली वसाहत. इथल्या रहिवाशांची पोलिसांसोबत गुन्हे रोखण्यावर एक बैठक झाली, तिला मी गेले होते. कॅमेरे वाढवा, मोलकरणींची पडताळणी करा, भंगारवाल्यांवर आणि फेरीवाल्यांवर लक्ष ठेवा, असं ठरलं. ज्यांच्याबद्दल ठरलं त्यांपैकी एकही जण तिथे नव्हता. ऑनलाइन फसवणुकीचाही विषय निघाला. पण ती करणारे कुठल्या वस्तीतून, कुठल्या समाजातून येतात, हे मात्र कुणी विचारलं नाही. संशयाला जात चिकटते ती फक्त खालच्या पायरीवर.

म्हणून मला अशा कामात पहिला प्रश्न पडतो तो हा, की संस्था कुणावर काम करते आहे? मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९०पासून चालू आहे. त्याचे कार्यकर्ते तुरुंगात आणि पोलीस ठाण्यात जातात. कायद्याची मदत मिळवून देतात, घरच्यांशी संपर्क साधतात, सुटलेल्याला निवारा आणि कामाचं शिक्षण मिळेल असं पाहतात. यात संस्काराचे धडे नाहीत, कागदपत्रं आणि भाकरी आहे. २०२२अखेर देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. ज्याचा गुन्हाच सिद्ध झालेला नाही त्याला सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं? त्याला वकील हवा, जामीनदार हवा. पालावरच्या माणसाकडे ना सातबारा, ना कायमचा पत्ता. त्याला जामीन कोण राहणार?

आता न्यायालयही नोंदवहीकडे बोट दाखवतं आहे. मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिस्ट्रीशीटमध्ये विमुक्तांची आणि इतर वंचितांची नावं केवळ पूर्वग्रहातून चढवण्याबद्दल बजावलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगातली जातीनुसार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. झाडू कुणाच्या हाती आणि स्वयंपाक कुणाच्या, हे जिथे जातीवरून ठरत होतं, ती जागा माणसाला ‘सुधारून’ कुठल्या समाजात परत पाठवणार होती?

पुनर्वसन या शब्दात गृहीत धरलेलं असतं की माणसाला आधी समाजात जागा होती, ती सुटली, आता परत द्यायची. आम्हाला ती जागा मुळात दिलीच नव्हती. म्हणून या क्षेत्रातल्या संस्थांकडे माझ्या साध्या मागण्या आहेत. सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करण्याची मागणी तुमच्या कामाचा भाग करा. ठाण्यातल्या यादीत कुणाची नावं का आहेत, हे विचारा. विमुक्तांना लाभार्थी म्हणून रांगेत उभं करू नका. निर्णय घेणाऱ्या समितीत घ्या. आणि बैठका वस्तीवर घ्या, ज्यांच्यावर संशय आहे त्यांना बोलावून. हे जमणार नसेल, तर तुमचं काम म्हणजे तार नसलेली सेटलमेंटच आहे.