मृत्युपत्र टिकावे म्हणून

मृत्युपत्राचा विषय निघाला की आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी गप्प होतात. मरणाचे नाव घेऊ नये, असा जुना संकेत. परंतु अनित्यतेची शिकवण स्वीकारलेल्या आपण तरी हा संकेत पाळण्याचे कारण नाही. ब्रॉसार्डमध्ये स्थिरावलेल्या आपल्या पिढीची मिळकत आज दोन देशांत विभागली आहे. येथे राहते घर आणि निवृत्तीची पुंजी, तिकडे वडिलांची शेती किंवा एखादा भूखंड. मुलगी येथे, मुलगा टोरोंटोला, भाऊ गावी. अशा कुटुंबात मृत्युपत्र नसले तर कलह होतो आणि ते कच्चे असले तरीही कलह होतो.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते न्यायालयाच्या ताब्यात गेली आणि पुढे महाराष्ट्राच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरलकडे पेट्यांत पडून राहिली. ती प्रकाशित व्हावीत म्हणून नागपूरचे अ‍ॅडव्होकेट जे. बी. बनसोड यांना उच्च न्यायालयात जावे लागले. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतून त्यांतील महत्त्वाचे लेखन 1987 साली वाचकांपुढे आले, तोवर तीस वर्षे उलटली होती. कोणाला दोष देण्यासाठी हे स्मरण नाही. मागे राहिलेली वस्तू कुलपात अडकली की किती काळ जातो, एवढेच यातून घ्यावे.

'जो वारस न्यायालयात जाईल त्याला कवडीही मिळणार नाही' असे वाक्य घातले की मृत्युपत्र सुरक्षित झाले, असा अनेकांचा समज आहे. क्यूबेकमध्ये तो फोल आहे. 1 जानेवारी 1994 पासून अमलात असलेल्या येथील दिवाणी संहितेच्या 758 व्या कलमानुसार अशी अट लिहिलीच नव्हती असे मानले जाते. धमकीने मृत्युपत्र टिकत नाही. ते पुराव्याने टिकते.

त्या पुराव्याची सुरुवात मृत्युपत्राच्या प्रकारापासून होते. येथे तीन प्रकार मान्य आहेत. पहिला स्वहस्ते लिहिलेला. तो संपूर्ण आपल्या हाताने लिहून सही केलेला असावा लागतो. संगणकावर छापून खाली सही केल्यास तो हस्तलिखित ठरत नाही, आणि न्यायालय उदार होईल या आशेवर घरदार सोडू नये. दुसरा दोन सज्ञान साक्षीदारांसमोरचा. या दोहोंना मृत्यूनंतर न्यायालयाकडून किंवा नोटरीकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. तिसरा नोटरीसमोर केलेला. येथील नोटरी म्हणजे आपल्याकडे कचेरीबाहेर शिक्का मारणारा नोटरी नव्हे. तो कायदेपंडित असतो. त्याच्यापुढील मृत्युपत्राला वेगळ्या प्रमाणीकरणाची गरज नसते, मूळ प्रत त्याच्याकडे राहते आणि नोंद नोटरींच्या मंडळाच्या नोंदवहीत होते. खर्च थोडा अधिक, पण वादाला जागा सर्वांत कमी. मात्र ज्याला काही द्यायचे आहे त्याला साक्षीदार करू नये. त्याला दिलेले दान निष्फळ ठरते.

तरीही दोन आक्षेप उरतात : सही करताना बुद्धी शाबूत नव्हती, किंवा कोणी फसवून, भरीस घालून सही घेतली. वैद्यकीय व्यवसायात आम्हाला एक शिस्त लागते, ती म्हणजे नोंद त्याच दिवशी करण्याची. स्मृतिभ्रंशाचे नाव कागदावर आले म्हणून मृत्युपत्र करण्याची क्षमता आपोआप जात नाही. त्या क्षणी आपली मिळकत काय, आपली माणसे कोण आणि आपण काय करीत आहोत हे त्या व्यक्तीला उमगत होते का, हा खरा प्रश्न असतो. म्हणून वय झाले असेल किंवा गंभीर आजार असेल, तर त्याच सुमारास डॉक्टरांकडून तपासून लेखी अभिप्राय घ्यावा. नोटरीशी बोलताना लाभ मिळणारे मूल खोलीबाहेर थांबावे. आजीला केवळ मराठी कळत असेल तर दुभाषी त्रयस्थ असावा.

जे आपले नाही ते देता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. 1989 पासून येथे विवाहितांच्या राहत्या घराच्या व निवृत्तिवेतनाच्या मूल्यात पतिपत्नींचा वाटा कायद्यानेच ठरला आहे. तो आधी वेगळा निघतो. भारतातही वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतील केवळ स्वतःचा हिस्साच मृत्युपत्राने देता येतो. तेथील स्थावराला तेथलाच कायदा लागतो आणि 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याला किमान दोन साक्षीदार हवे असतात. येथील नोटरीला बहुधा एकच साक्षीदार पुरतो, म्हणून भारतातील मिळकतीसाठी स्वतंत्र मृत्युपत्र करणे बरे. परंतु त्यात 'पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे ठरावीक वाक्य नकळत राहिले, तर येथले मृत्युपत्रही रद्द होण्याचा धोका आहे. दोन्ही वकिलांना दोन्ही कागद दाखवावेत.

शेवटी न्यायाचा प्रश्न. वाटणी विषम असेल तर तिचे कारण मृत्युपत्रात लिहावे आणि हयातीतच मुलांना एकत्र बसवून सांगावे. पुष्कळ खटल्यांच्या मुळाशी पैशापेक्षा अपमान असतो. ज्यांनी स्त्रियांच्या हक्कांचे हिंदू कोड बिल रखडले म्हणून 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यांच्या अनुयायांनी मुलीचा वाटा तिच्या लग्नाच्या खर्चातून वजा करू नये. भारतात 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तो बौद्धांनाही लागू आहे.

या वर्षी प्रत्येक कुटुंबाने हे एक काम उरकावे, ही विनंती.

जयभीम!