सीताक्का आणि दाखला नसलेली माणसं

तेलंगणाच्या पंचायतराज मंत्री दनसरी अनसूया यांना त्यांच्या नावानं फारसं कुणी ओळखत नाही. सगळ्यांच्या तोंडी त्या सीताक्का. कोया आदिवासी घरातली ही मुलगी किशोरवयात नक्षलवादी दलमात गेली, तिथं मिळालेलं हे नाव पुढं कायमचं चिकटलं. त्यातली अक्का मराठीतल्यासारखीच थोरली बहीण. ७ डिसेंबर २०२३ रोजी हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियममध्ये त्या शपथ घ्यायला उभ्या राहिल्या, तेव्हा जल्लोष इतका उसळला की शपथ थोडी थांबवावी लागली. बंदूक टाकून संविधान हाती घेणारी स्त्री, असं त्यांचं वर्णन तेव्हाही झालं आणि आजही होतं. ते खोटं नाही. पण त्यात सरकारनं उदारपणे माफ करायचं आणि आदिवासी बाईनं सुधारायचं, एवढंच उरतं. जंगल सोडल्यानंतरचं त्यांचं राजकारण त्यात कुठंच दिसत नाही, आणि माझ्या मते त्यांची किंमत त्या राजकारणावरूनच करायला हवी.

सीताक्कांचा मुलुगू हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, तेव्हा वाट सोपीच होती, असं कुणी म्हणेल. आकडे तसं सांगत नाहीत. कायद्याचं शिक्षण घेऊन त्या तेलुगू देसमच्या उमेदवार झाल्या आणि २००४ साली हरल्या. २००९ला जिंकल्या, २०१४ला पुन्हा हरल्या. राखीव जागा उमेदवारी अर्जापर्यंत पोचवते; त्यापुढं समोरचा उमेदवारही आदिवासीच असतो आणि लोकांना कोण जवळचं वाटतं यावर सगळं ठरतं. २०१७ मध्ये त्यांनी काँग्रेसमध्ये प्रवेश केला, याला संधिसाधूपणा म्हणणारेही आहेत. मात्र राज्याच्या विभाजनानंतर तेलंगणात तेलुगू देसमचा पायाच उखडला होता, आणि ज्या काँग्रेसमध्ये त्या गेल्या ती तेव्हा विरोधी पक्षात होती. सत्तेसाठी उडी मारायची असती तर ती दुसऱ्या बाजूला मारायची. २०१८ आणि २०२३ अशा सलग दोन निवडणुका त्यांनी नंतर जिंकल्या. २०२०च्या टाळेबंदीत डोक्यावर धान्याचं ओझं घेऊन, ओढे ओलांडत, कधी ट्रॅक्टरनं तर कधी बैलगाडीनं त्या पाड्यांवर पोचत होत्या. कॅमेरे सोबत होते, ही टीका रास्त आहे. पण रस्ताच नसलेल्या त्या पाड्यांकडे कॅमेऱ्यासाठीसुद्धा दुसरं कुणी एवढं चालत गेलेलं दिसत नाही.

मला याहून मोठी वाटते ती २०२२ साली उस्मानिया विद्यापीठानं त्यांना दिलेली डॉक्टरेट. पदवीपेक्षा तिचा विषय महत्त्वाचा : गुत्तीकोया. छत्तीसगडमध्ये २००५ साली सलवा जुडूम ही नक्षलविरोधी सशस्त्र मोहीम सुरू झाली, गावं ओस पडली आणि हजारो आदिवासी गोदावरीच्या खोऱ्यात येऊन झोपड्या बांधून राहिले; तेच हे गुत्तीकोया. अनुसूचित जमातीचा दर्जा आपल्याकडे राज्यानुसार ठरतो. त्यामुळे मूळ गावी आदिवासी असलेला माणूस सीमा ओलांडली की कागदावर आदिवासी राहत नाही. वनहक्क कायद्याला १३ डिसेंबर २००५च्या आधीपासूनचा ताबा लागतो, म्हणजे जमिनीचाही दावा गेला. दाखला नाही, पट्टा नाही, अनेकांकडे मतही नाही. ज्यांच्याकडून निवडणुकीत फारसं काही मिळणार नाही अशांवर आमदारानं प्रबंध लिहावा, हे राजकारणातलं नेहमीचं गणित नव्हे. गडचिरोलीची हद्द याच पट्ट्याला भिडलेली आहे, म्हणून मराठी वाचकालाही हा प्रश्न परका नसावा.

गुत्तीकोयांची बाजू घेण्यावर सर्वांत जड आक्षेप जंगलाचा आहे. नव्यानं आलेले लोक झाडं तोडून शेती करतात, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये भद्राद्री कोत्तागुडेम जिल्ह्यात अशाच वादातून एका वनक्षेत्र अधिकाऱ्याचा खून झाला. तो गुन्हाच होता आणि शिक्षा व्हायलाच हवी. मात्र त्यानंतर सगळ्या गुत्तीकोयांनाच हाकलून लावण्याची जी भाषा सुरू झाली, ती मला मान्य नाही. ज्यांना परतायला गाव उरलेलं नाही त्यांच्या झोपड्या पाडल्या तर ते आणखी आतल्या जंगलात शिरतात, आणि झाडंही तिथली पडतात.

आता प्रश्न खुद्द सीताक्कांना विचारायचा आहे. वनखातं त्यांच्याकडे नाही, जमातींची यादी बदलणं संसदेच्या हाती आहे, हे खरं. पण पंचायतराज, ग्रामविकास आणि महिला-बालकल्याण ही तिन्ही खाती त्यांची आहेत. पाड्यावर पिण्याचं पाणी न्यायला किंवा चार वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत अंडं द्यायला जातीचा दाखला लागत नाही. प्रबंधात ज्या वंचनेची नोंद त्यांनी केली, तिच्यातला मोठा भाग आज त्यांच्याच सहीनं कमी होऊ शकतो. पुढच्या निवडणुकीआधी गुत्तीकोयांच्या किती पाड्यांवर अंगणवाडी उघडली, हे मोजता येण्याजोगं आहे.