घाटाचा जमाखर्च

गेल्या हिवाळ्यात माझ्या सतरा वर्षांच्या पुतण्याने माझ्याबरोबर वाईहून पाचगणी, महाबळेश्वर आणि मेढामार्गे साताऱ्यापर्यंत सायकलीने येण्याचा हट्ट धरला. बंधूंनी लगेच होकार दिला. वहिनी मात्र काही वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी एकच अट घातली. ‘‘भाऊजी, चढताना तो तुमच्या पुढे गेला तरी चालेल. उतरताना मात्र त्याने तुमच्या मागेच राहिले पाहिजे.’’

वहिनी आयुष्यात कधी सायकलीवर बसलेल्या नाहीत. तरीही घाटातील सायकलस्वारीचे बहुतेक सारे शहाणपण त्या एका वाक्यात आले होते. त्यांना ते कोठून सुचले, हे पुढे ओघाने येईलच.

प्रथम मार्गाची ओळख करून घेऊ. वाई हे कृष्णाकाठचे गाव. गावाबाहेर पडताच पसरणीचा घाट सुरू होतो आणि सुमारे १३ किलोमीटरांत तो आपल्याला पाचगणीला पोहोचवतो. तेथून महाबळेश्वरपर्यंतचे १९-२० किलोमीटर डोंगरमाथ्यावरचे; चढउतार आहेत, पण अवघड नाहीत. दोहो बाजूंस स्ट्रॉबेरीची शेते, आणि महाबळेश्वर जवळ आले की वेण्णा तलाव. महाबळेश्वराहून केळघर घाटाने उतरले की जावळी तालुक्यातील मेढा लागते आणि कण्हेर धरणाच्या बाजूने आपण साताऱ्यास येतो. एकूण अंतर पंचाऐंशी ते नव्वद किलोमीटर. या वाटेची एक मौज अशी, की आपण चढतो कृष्णेच्या खोऱ्यातून आणि उतरतो वेण्णेच्या खोऱ्यात. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्याच डोंगरात उगम पावतात आणि साताऱ्याजवळ संगम माहुली येथे पुन्हा एकमेकींस भेटतात. नद्यांचा हा फेरा सायकलस्वार एका दिवसात पाहू शकतो.

ऋतू हिवाळ्याचाच निवडावा. पावसाळ्यात हे डोंगर कितीही मोह घालोत, धुके, निसरडा रस्ता आणि कोसळणाऱ्या दरडी यांच्याशी सायकलने पैज लावू नये. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारींची रांग लागते; म्हणून दुकानाची सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी असेल, तर ती सोन्यासारखी मानावी.

आता चढाचा हिशेब मांडू. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरांवर आहे आणि पाचगणी सुमारे १,२९० मीटरांवर. म्हणजे १३ किलोमीटरांत आपण जवळजवळ ५७० मीटर उंच जातो. एकावर एक असे आठ कुतुबमिनार रचले, तर ही उंची भरेल. शंभर मीटर पुढे गेले की चार-पाच मीटर वर, असा हा सरासरी चढ. माणूस आणि सायकल मिळून वजन ऐंशी किलो धरले, तर दीड पोत्याहून अधिक ओझे आपण आठ मिनारांच्या माथ्यावर नेऊन ठेवतो. आपले शरीर या व्यवहारात फार काटकसरी नाही. खर्चलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो, बाकी सारी उष्णता होऊन घामावाटे जाते. त्यामुळे एवढ्या एका घाटासाठी पाचशेच्या आसपास कॅलरी लागतात.

येथे आपल्या घरांतील एका रीतीचा विचार करणे आवश्यक आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेल्या माणसाच्या पोटात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बारा-तेरा तास काही गेलेले नसते. त्या अवस्थेत घाटाला भिडले, की निम्म्या वाटेवर हातपाय गळतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून नवकारशी पाळणाऱ्याने ती होईपर्यंत वाईतच थांबावे, खजूर, केळे, गूळ-शेंगदाणे असे काही खाऊन मगच निघावे. आणि पुढे दर तासाला थोडे थोडे खात राहावे. पाण्यात लिंबू, मीठ व साखर घालून घेतली, तर दुसऱ्या कोणत्याही पेयाची गरज पडत नाही. खाकरा चविष्ट खरा, पण चढावर धाप लागलेली असताना तो घशाखाली उतरत नाही; तो महाबळेश्वरसाठी राखावा.

आम्ही तसेच केले. घाट लागताच चिरंजीव बाणासारखे सुटले आणि दोन वळणांत दिसेनासे झाले. तिसऱ्या किलोमीटरवर कठड्याला सायकल टेकवून, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकताना ते मला भेटले. मी त्याला रागावलो नाही. दुकानात नवा माणूस पहिल्याच महिन्यात भांडवल उधळतो, त्यातलाच हा प्रकार. त्याला एवढेच सांगितले, ‘‘चालवताना माझ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की गती कमी कर.’’ घाट चढण्यासाठी याहून सोपे मोजमाप मला ठाऊक नाही. दुसरी गोष्ट गिअरची. सर्वांत हलक्या गिअरमध्ये आमच्या सायकली पॅडलच्या एका फेरीत सव्वादोन मीटरच पुढे जातात. दुधवाल्याच्या साध्या सायकलीवर हेच अंतर पाच मीटरांच्या घरात असते. हलका गिअर म्हणजे मोठे कर्ज लहान हप्त्यांत फेडणे. रक्कम तीच राहते, पण एकही हप्ता जड जात नाही. तरुणांना त्यात कमीपणा वाटतो. तो वाटू देऊ नये.

त्यानंतर पुतण्या ताल धरून चढू लागला. खाली धोमचा जलाशय उघडा पडत गेला, शेतांचे चौकोन लहान होत गेले. शेवटच्या काही वळणांत तो माझ्या पुढे गेला, तो रीतीने, बोलता बोलता. पाचगणीच्या वेशीवर तो मला दहा मिनिटे आधी पोहोचला होता, याचा मला आनंदच झाला.

वाचकहो, बहुतेकांना वाटते की येथे घाटाचा प्रश्न संपला. वास्तविक तो महाबळेश्वरनंतर सुरू होतो. घामाने कमावलेली उंची उतारावर वेगाच्या रूपाने परत मिळते, आणि ती आपल्याला न मागता मिळते. चढ थकलेल्याला आपोआप थांबवतो. उतार कोणालाच थांबवत नाही. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर जवळजवळ चौपट होते. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी सायकल दर सेकंदास अकरा मीटर पुढे सरकते. म्हणजे समोरचा धोका ओळखून बोटे ब्रेकवर पडेपर्यंतच आपण एखाद्या वाड्याची लांबी ओलांडलेली असते.

तीन वर्षांपूर्वी याच केळघर घाटात मी पडलो. दोष रस्त्याचा नव्हता आणि सायकलीचाही नव्हता. दुपारी एक गिऱ्हाईक दुकानात येणार होते. सौदा मोठा होता आणि मला उशीर झाला होता. घड्याळ पाहत मी उतरलो, एका वळणात वेग अधिक आहे हे उशिरा ध्यानी आले, आणि वळणाच्या ऐन मध्यात, सायकल कललेली असताना, मी पुढचा ब्रेक दाबला. खाली बारीक खडी होती. खांद्याचे हाड मोडले, हेल्मेट फुटले. हेल्मेट नसते तर हा लेख लिहायला मी नसतो. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आले. सौदा तसाही झाला. दीड महिना बंधूंनी माझ्या वाटचे काम केले आणि वहिनींनी माझे पथ्यपाणी सांभाळले. त्या अटीचा उगम तेथे आहे.

या वेळी महाबळेश्वर सोडण्यापूर्वी आम्ही सायकली उलट्या करून ब्रेकचे रबर पाहिले, टायर चाचपले आणि पाळावयाचे नियम ठरवले. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक वापरायचे, पण सतत दाबून धरायचे नाहीत. दाबायचे, सोडायचे, कारण लांब उतारावर घासून घासून चाकाची धाव तापते. नजर चाकापुढे नव्हे, तर वळण जेथे संपते तेथे. आणि जेथे पलीकडचे दिसत नाही, तेथे पलीकडे कोणीतरी आहेच असे समजायचे.

घाटाच्या निम्म्यावर एका आंधळ्या वळणापलीकडे खरोखरच म्हशींचा कळप रस्ताभर पसरला होता. आम्ही ताशी वीसच्या आत होतो. सहज थांबलो. गुराख्याने आमच्याकडे वळूनही पाहिले नाही. पुतण्या काही क्षण उभा राहिला, मग म्हणाला, ‘‘काका, आपण चाळीसने असतो तर?’’

‘‘तर तुझ्या आईला फोन मला करावा लागला असता.’’

मेढ्यापर्यंत तो फारसे बोलला नाही, आणि एकदाही माझ्या पुढे आला नाही. साताऱ्याहून सायकली टेम्पोत टाकून आम्ही दिवस मावळण्यापूर्वी, जेवणाच्या वेळेला घरी पोहोचलो. वहिनींनी किती किलोमीटर झाले, किती वेळ लागला, यांपैकी काहीही विचारले नाही. ताट वाढता वाढता त्यांनी मुलाला एवढेच विचारले, ‘‘उतरताना मागे होतास ना?’’

‘‘हो, काकांच्या मागेच.’’

वहिनींनी माझ्याकडे पाहिले आणि ताटात आणखी एक पोळी वाढली. पुढच्या फेरीची परवानगी मिळाली, असे आम्ही दोघांनीही समजलो.

पुढील अंकात ब्रेकचे रबर केव्हा बदलावे आणि घाटात ट्यूब पंक्चर झाल्यास काय करावे, याविषयी लिहीन.