पीक कापणीचा तुकडा अन् पोरांचा पेपर

आज सोयाबीनची नोंद नाही, शाळेची आहे. पटलं नाही तर खाली बिनधास्त लिहा.

पीक कापणी प्रयोग आपल्याला माहीत आहे. मंडळातली काही शेतं निवडायची, सोयाबीनमध्ये दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा, कापून मळून वजन करायचं अन् त्यावरून मंडळाची सरासरी काढायची. मंडळाचा अंदाज घ्यायला ठीक आहे, मी नावं ठेवत नाही. पण ओढ्याकाठी ज्याचं रान खरडून गेलं, त्याला त्या सरासरीत काहीच सापडत नाही. म्हणून तर आपण दरवर्षी बोंबलतो.

शाळेत आपण नेमकं तेच करतोय. राज्यभर एकच पेपर. पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. भाषा, गणित, इंग्रजी. मास्तरांनी पेपर तपासायचे अन् गुण मोबाईलवर भरत बसायचं. कोणता तालुका कशात मागं आहे हे सरकारला कळावं, एवढ्यापुरतं बरोबर. पण तोच आकडा घरी आला की लेकराच्या कपाळावर बसतो. "आमचं ढ आहे हो," असं आईबापच चारचौघांत सांगतात.

आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं एक पोरगं आहे, पाचवीतलं. दिवाळी झाली की आईबापाबरोबर कारखान्यावर, परत येतं ते उन्हाळ्याच्या तोंडाला. किती टन तोडले, उचल किती, कपात जाऊन हातात काय राहिलं, हा हिशोब ते तोंडी करतं. मुकादम चुकला तर त्यालाही सांगतं. गणिताच्या पेपरात मात्र शाब्दिक उदाहरणं कोरी. कारण लांबलचक वाक्य वाचताना ते अडखळतं. आता सांगा, त्या पेपरनं त्याचं गणित मोजलं का वाचन? ईसीच्या मीटरनं सामू मोजल्यासारखं झालं हे.

'असर'वाले 2005 पासून गावोगाव फिरतात. ते पोराच्या घरी जातात, शेजारी बसतात, एकेकाला तोंडी वाचायला लावतात, गणित विचारतात. वेळ लागतो, पण गाडी कुठं अडली हे कळतं. अन् त्यात पोराचा नंबर लागत नाही.

दुसरी गोष्ट, जे पेपरात नाही ते शाळेतून हळूहळू जातं. चाचणी जवळ आली की जुन्या प्रश्नपत्रिकांचा सराव, परसबाग वाळून जाते. मास्तरांना दोष देऊन उपयोग नाही, वरून आकडाच विचारतात.

पुढं कृषी पदवीलाही तेच. सीईटीत भौतिक, रसायन, जीव नाहीतर गणित, चार पर्यायांतून एक टिपायचा. रावेची पोरं गावात राहायला येतात, हुशार असतात, पण उभ्या तुरीत मर कोणती अन् पाण्याचा ताण कोणता, हे आमच्या बांधावरच पहिल्यांदा बघतात. कृषी महाविद्यालयातले सर ही नोंद वाचतात, त्यांचं म्हणणं ऐकायला आवडेल.

येत्या शाळा व्यवस्थापन समितीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. तोडीवरून परतलेल्या पोरांना गणिताचा पेपर वाचून दाखवून पुन्हा सोडवून घ्यावा, सरकारदरबारी धरला नाही तरी चालेल, मास्तरांना तरी कळेल. अन् फळ्यावर नंबर लावणं बंद करावं. तुमच्या गावात असं कुणी केलं असेल तर कळवा, बैठकीत सांगायला कामी येईल.